लोणारचा जंतू खातो काय?

फ्लास्क इतका नितळ होता की त्याच्या पलीकडे उभा असलेला ठवकर मला स्पष्ट दिसत होता, आणि तो हसत होता.

"ताई, हा तं गेला वाटते," तो म्हणाला.

"गप रे," मी म्हणाले आणि फ्लास्क पुन्हा हलवून पाहिला. आदल्या दुपारी मी त्यात जंतू सोडले होते. सकाळपर्यंत पाणी गढूळ व्हायला हवं होतं, तांदळाच्या धुवणासारखं. तीन वर्षं ते न चुकता तसं होत आलं होतं. आज मात्र शेजारी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्यात आणि त्यात काही फरक नव्हता.

"वरणाच्या वासानं मेला असन," ठवकर म्हणाला. "बाईंच्या घरची फोडणी त्याला मानवली नाही."

मनोहर ठवकर माझ्या मागून दोन वर्षांनी प्रयोगशाळेत आलेला. हुशार होता, पण जिभेला हाड नव्हतं. एरवी मीही हसले असते, पण शनिवारी माझी समिती होती आणि आज मंगळवार उजाडला होता.

मी मूळची मेहकरची. तिथल्या शाळेतली नोकरी बिनपगारी रजेवर ठेवून नागपूरला संशोधन करायला आले होते. मेहकरहून लोणार हाकेच्या अंतरावर. त्या सरोवराच्या पाण्यात सोडा इतका की साधासुधा जंतू त्यात टिकतच नाही. जो टिकतो तो काहीतरी वेगळा असणार, म्हणून मी स्वतः चिखलात उतरून बाटली भरून आणली होती, आणि त्यातून हा एक जंतू वेगळा काढला होता. आमचा दावा असा, की हा ग्लुकोज खातो आणि त्यातल्या बऱ्याच भागाचं फ्रुक्टोज करून बाहेर टाकतो. फ्रुक्टोज जास्त गोड, त्यामुळे असं करणाऱ्या जंतूंच्या मागे तेव्हा जगभरातले लोक लागले होते. माझ्या प्रबंधाचं शीर्षकच ते होतं. पण हे काम जंतूमधलं नेमकं कोणतं रसायन करतं, ते काही केल्या हाताला लागत नव्हतं. समितीनं मला एकदा मुदत वाढवून दिली होती. या वेळी ठोस काही दाखवलं नाही तर नोंदणी रद्द, आणि मी परत मेहकरच्या सातवी ब मध्ये.

दार ढकलून घटाटे बाई आत आल्या. डॉ. कुमुद घटाटे, माझ्या मार्गदर्शक. सुती पातळ, खांद्याला शबनम पिशवी, आणि चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला होई. दिवाळीनंतर त्या निवृत्त होणार होत्या, पण कोणी तो विषय काढला की त्या घड्याळाकडे बघत आणि "चला, कामं पडलीत" म्हणत.

"वाढला?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"नाही बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे अजिबात नाही."

त्यांनी माझ्या हातून फ्लास्क घेतला आणि नाकाशी नेला. "वरणाचा वास येतोय?"

"बाहेरून येतोय. आत कसा जाईल?" मी म्हणाले. ठवकरनं तोंड फिरवलं.

हे कुकरचं प्रकरण सांगायला हवं. जंतूंना खाऊ घालायचं पाणी आधी वाफेच्या दाबाखाली उकळून निर्जंतुक करावं लागतं. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे एक भला थोरला कुकरच. आमच्या विभागात तो एकच होता आणि तो होता डॉ. उमाठ्यांच्या खोलीत. उमाठे सर साखरेच्या रसायनशास्त्रातले जाणकार आणि बाईंच्याच हुद्द्यावरचे, वयानं मात्र त्यांच्याहून लहान. दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते बहुधा त्या दोघांनाही आठवत नसावं. त्यांनी आम्हाला ऑटोक्लेव्हची आठवड्यातून एक पाळी दिली होती आणि बाईंनी दुसरी कधी मागितली नाही. "उमाठ्यांच्या दारात मी जाणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे आमच्याकडे पद्धत पडली होती, ग्लुकोज, सोडा, मीठ, सगळं एकाच फ्लास्कमध्ये घालायचं आणि एकाच पाळीत उकळून काढायचं. विभागात ही 'घटाट्यांची खिचडी' म्हणून प्रसिद्ध होती.

त्या आठवड्यात ऑटोक्लेव्हची कॉइल जळाली. दुरुस्तीला माणूस कधी येईल याचा पत्ता नव्हता. बाईंनी सोमवारी घरून स्वतःचा कुकर आणला. त्यात एका वेळी लहानसा एकच फ्लास्क मावायचा, म्हणून मी सोड्याचं पाणी वेगळं उकळलं, ग्लुकोजचं वेगळं उकळलं, आणि निवल्यावर दोन्ही एकत्र केलं. बाकी तसूभरही फरक नव्हता.

बाई फ्लास्क घेऊन खिडकीशी गेल्या. त्यांनी तो तिरका करून पाहिला. मला वाटलं आता माझ्यावर घसरणार.

"वत्सला, याला रंग का नाही?"

"रंग?"

"आपलं पाणी नेहमी कसं असतं?"

मी फळीवरची जुनी बाटली काढली. मागच्या पाळीत उकळलेली, जंतू न घातलेली, शिल्लक राहिलेली. ते पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं. तीन वर्षं मी तो रंग पाहत आले होते आणि लोणारच्या जंतूचं पाणी असंच असतं, असं धरून चालले होते. बाईंनी दोन्ही उजेडात शेजारी धरली.

ठवकर हसायचा थांबला.

"रिसॉर्सिनॉल काढा," बाई म्हणाल्या.

रिसॉर्सिनॉल आणि आम्ल घालून नळी उकळली की आत फ्रुक्टोज असेल तर ती लाल होते. माझा सगळा प्रबंध त्या लाल रंगावर उभा होता. आम्ही रोज जंतू वाढलेल्या फ्लास्कमधलं पाणी घ्यायचो, नळी लाल व्हायची आणि आम्ही खूश व्हायचो. तुलनेला जो फ्लास्क ठेवायचो त्यात जंतू असायचा पण साखर नसायची. तो कधी लाल झाला नाही. साखर आहे पण जंतू नाही, असा फ्लास्क आम्ही ठेवलाच नव्हता. एका पाळीत मावणार किती, आणि साखर नुसती पडून राहून काय करणार आहे, असं सगळ्यांनाच वाटायचं.

मी त्या फळीवरच्या बाटलीतलं पाणी नळीत घेतलं. ज्यात कधीच कुठलाही जंतू गेला नव्हता ते पाणी. नळी उकळत्या पाण्यात धरली.

ती लाल झाली. छान, गडद लाल.

"अरे बापा," ठवकर हळूच म्हणाला.

मी स्टुलावर बसले. गरम सोड्यात ग्लुकोजचं फ्रुक्टोज आपोआप होतं, हे रसायनाच्या कुठल्याही पुस्तकात आहे. मी स्वतः परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आमचं फ्रुक्टोज जंतूनं केलेलं नव्हतं, ते उमाठ्यांच्या ऑटोक्लेव्हनं केलेलं होतं. जंतूमधलं ते रसायन सापडत नव्हतं, कारण ते नव्हतंच.

"संपलं बाई," मी म्हणाले. "शनिवारी काय दाखवू? मी आजच मेहकरला कळवते."

बाई दोन्ही बाटल्यांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. मग त्यांनी शबनम काढून टेबलावर टाकली, अगदी फेकलीच, आणि माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं राग आहे. पण राग नव्हता.

"अगं वत्सला, ते असू दे. मग हा वाढला का नाही?"

"कोण?"

"तुझा जंतू! साखर खातो म्हणत होतो न आपण? या पाण्यात साखर आहे. स्वच्छ, ताजी, न मोडलेली. मग उपाशी का राहिला?"

मी तो नितळ फ्लास्क पुन्हा हातात घेतला.

"तो साखर खातच नाही," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं आपण त्याला साखर वाढतोय आणि तो ताटातलं दुसरंच काहीतरी खातोय. काय खातोय?"

ठवकर मध्येच म्हणाला, "फ्रुक्टोज खात असन न बाई."

"असेल! बघायचं. चार फ्लास्क. एकात स्वच्छ ग्लुकोज. एकात स्वच्छ फ्रुक्टोज. एकात दोन्ही. आणि एकात ही खिचडी. ऊठ वत्सला, रडायचं असेल तर रविवारी रड."

खरं सांगते, मी उठले ते बाईंच्या धाकानं. पण दुपारपर्यंत त्याची लागण मलाही झाली. नागपूरचा एप्रिल, कूलर नुसता गरम हवा फेकत होता, कुकरच्या शिट्टीनं शेजारच्या वर्गात पोरं हसत होती, आणि आम्ही तिघं लग्नघरातल्यासारखे इकडून तिकडे धावत होतो. संध्याकाळी चारही फ्लास्क हलत्या यंत्रावर ठेवले तेव्हा बाई ठवकरला म्हणाल्या, "घरी जा, आणि उद्या माझ्या आधी येऊन झाकण काढलंस तर याद राख."

बुधवारी सकाळी मी पोचले तर बाई आणि ठवकर दोघंही कुलपासमोर उभे. किल्ली माझ्याकडे होती.

पहिला फ्लास्क नितळ. दुसरा नितळ. तिसरा नितळ.

चौथा दुधासारखा गढूळ.

"होऽ!" ठवकर एवढ्या जोरात ओरडला की शिपाई धावत आला. मी त्या गढूळ पाण्याची साखर मोजायला घेतली. उकळून झाल्यावर जितकं ग्लुकोज होतं तितकंच आताही होतं. फ्रुक्टोजही तितकंच. एवढा जंतू वाढला होता आणि साखरेला त्यानं तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

"गरम सोड्यात साखरेचं अजून काय काय होतं?" बाईंनी विचारलं.

"मोडते. तिच्यातून आम्लं निघतात. कुठली ते मला नाही सांगता येणार," मी म्हणाले. "दुधातलं, म्हणजे लॅक्टिक आम्ल निघतं एवढं माहीत आहे."

"लॅक्टिक आपल्याकडे आहे. लाव एक फ्लास्क. पण बाकीची?"

उत्तर तिघांनाही माहीत होतं. साखर मोडली की काय निघतं ते सांगणारा माणूस आमच्या भिंतीच्या पलीकडेच बसत होता.

"बाई," ठवकर घसा खाकरून म्हणाला, "शनिवारच्या समितीचे अध्यक्षच ते आहेत न. त्यांनाच सांगून राहिल्या का, की आमचं सगळं चुकलं म्हणून?"

"हो."

"ताईची नोंदणी जाईन न मग."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तो बरोबर म्हणतोय. वत्सला, तू सांग. मी गेले की मग मागे फिरता येणार नाही. नाही गेले तर शनिवारी तू जुने आलेख दाखव, कोणाला काही कळणार नाही. नोंदणी टिकेल."

मी चौथ्या फ्लास्ककडे पाहिलं. तो अजून हलत होता. मला मेहकर आठवलं, सातवी ब आठवली, मुख्याध्यापकांचा चेहरा आठवला. आणि या सगळ्याहून मोठ्यानं डोक्यात एकच प्रश्न वाजत होता, हा खातो काय?

"जा बाई," मी म्हणाले. "लवकर जा."

त्या गेल्या. पलीकडून सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. मग उमाठे सरांचा चढलेला आवाज, मग बाईंचा त्याहून चढलेला, आणि मग पुन्हा बराच वेळ शांतता. ठवकर भिंतीला कान लावून उभा होता. "भांडून राहिले," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "आता नाही भांडत. हळूहळू काहीतरी बोलून राहिले, ऐकूच नाही येत."

बाई आल्या तेव्हा त्यांच्या मागे उमाठे सर होते. उंच, वाकलेले, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी चहाच्या रंगाचं पाणी हातात घेतलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"साखर आणि सोडा एकत्र उकळून राहिले होते तुम्ही? तीन वर्षं?"

"एकच पाळी देत होतात तुम्ही," बाई म्हणाल्या. "दुसरं काय करणार?"

"दुसरी मागायची होती."

"मागितली असती तर दिली असती?"

"दिली असती," उमाठे सर म्हणाले.

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहायला लागले. साखर कुठे मोडते, कुठले तुकडे पडतात, ते तुकडे पुन्हा कसे जुळतात. अर्ध्या तासात फळा भरला. बाई पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या पुढे वाकून बघत होत्या आणि मध्येच "थांबा, हे परत सांगा" म्हणत होत्या. सरही न चिडता परत सांगत होते.

"यातलं लॅक्टिक साधं आहे, कोणीही खातं," सर म्हणाले. "पण ही बघा. सॅकरिनिक आम्लं म्हणतात यांना. जुन्या जर्मन ग्रंथांत सापडतील. यांना खाणारा कोणी आहे असं निदान मी तरी वाचलेलं नाही."

"आम्लं आणि साखर वेगळी काढता येतील?" मी विचारलं.

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं आता शनिवारचा विषय निघणार.

"त्याच्यात काय आहे? माझ्याकडे रेझिन आहे. नळीत भरायचं, वरून पाणी सोडायचं. साखर खाली निघून जाते, आम्ल अडकून बसतं, मग त्याला वेगळं सोडवायचं. उद्या सकाळी ये. आणि हे बघ, ऑटोक्लेव्हची कॉइल आज बसते आहे. पाहिजे तेवढ्या पाळ्या घे."

गुरुवार असा गेला की जेवलो की नाही तेही आठवत नाही. काचेची उंच नळी, तिच्यात पिवळसर रेझिनचे बारीक दाणे, वरून थेंब थेंब पडणारं आमचं चहाचं पाणी. सर मला स्टुलावर बसवून नळीची तोटी सांभाळायला लावत आणि स्वतः मागे उभे राहत. "घाई नको. पडू दे त्याला आपल्या मनानं." दुपारी दोन भाग हातात आले. एक साखरेचा, एक आम्लांचा. दोन्हींत सोडा वेगळा उकळून घातला आणि दोन्हींत माझा जंतू सोडला. बाई दिवसभर आमच्या दोन खोल्यांमध्ये येरझारा घालत होत्या. प्रत्येक वेळी उमाठ्यांच्या खोलीशी आल्या की उंबरठ्याच्या बाहेरच थांबत. आदल्या दिवशी आत गेल्या होत्या, पण सवय जायला वेळ लागतो.

शुक्रवारी सकाळी लॅक्टिक आम्लाचा फ्लास्क नितळ होता. साखरेचा नितळ होता.

आम्लांचा गढूळ होता, इतका दाट की मागची खिडकी दिसत नव्हती.

मला काय झालं कोण जाणे, मी तो फ्लास्क दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मोठ्यानं हसायला लागले. ठवकर टेबल वाजवत होता. उमाठे सर चष्मा पुसत "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते, आणि ते जंतूला म्हणत होते की मला, हे त्यांनाच माहीत. बाईंनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि मग माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. त्या असं काही करणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आता बोल," त्या म्हणाल्या. "मेहकरला कळवायचंय?"

शनिवारी समितीच्या खोलीत मी आलेख नेलेच नाहीत. दोन फ्लास्क नेले, एक नितळ आणि एक गढूळ, आणि हिरवं कापड घातलेल्या टेबलावर ठेवले. समोर मधोमध उमाठे सर. त्यांच्या उजवीकडे अमरावतीहून आलेले एक प्राध्यापक, डावीकडे विद्यापीठाच्या कार्यालयातले देवघरे. देवघऱ्यांना विज्ञानातलं काही कळत नसे, पण नियम तोंडपाठ. बाई बाजूच्या खुर्चीवर.

"सर," मी म्हणाले, "माझ्या प्रबंधाचं शीर्षक चूक आहे."

अमरावतीच्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. मी थांबले नाही. कुकरपासून रेझिनपर्यंत सगळं सांगितलं. लाल नळी सांगितली, तीन वर्षांचं फ्रुक्टोज कोणी केलं ते सांगितलं. बोलता बोलता मला भीती वाटायची बंद झाली. शेवटी मी गढूळ फ्लास्क उचलून म्हणाले, "हा साखरेला हातही लावत नाही, साखर मोडल्यावर जे उरतं ते खातो. ते तो कसं खातो, कुठल्या वाटेनं नेतो, हे मला शोधायचं आहे."

प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. "वास येतो का याला?" त्यांनी विचारलं आणि फ्लास्क मागून घेतला. मग प्रश्नांवर प्रश्न. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, किंवा "माहीत नाही, पण असं करून पाहता येईल" म्हटलं. ते उमाठे सरांना म्हणाले, "हिची नोंदणी रद्द करायची म्हणजे वेडेपणा होईल."

मी बाईंकडे पाहिलं. त्या टेबलक्लॉथच्या कडेचा धागा ओढत होत्या.

देवघऱ्यांनी घसा साफ केला. "पण शीर्षकच रद्द होते न सर. म्हणजे विषय नवीन. म्हणजे नोंदणी नवीन. समितीनं शिफारस केली तर मागची वर्षं धरता येतात, ते आपण करू. अडचण दुसरीच आहे."

"बोला," उमाठे सर म्हणाले.

"नवीन नोंदणीला मार्गदर्शकाची दोन वर्षं तरी सेवा शिल्लक लागते. घटाटे मॅडमची दिवाळीपर्यंतच आहे. त्यांच्या हाताखाली ही नोंदणी होत नाही. सहमार्गदर्शक म्हणूनसुद्धा नाही. प्रबंधावर त्यांचं नाव येऊ शकत नाही."

मला त्या वाक्याचा अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा मी उभीच राहिले.

"मग मला नको," मी म्हणाले. "जुनंच शीर्षक राहू द्या. मी जुन्यावरच काहीतरी लिहीन."

"वत्सला, खाली बस," बाई म्हणाल्या.

"पण बाई, हे तुम्ही…"

"खाली बस." मग त्या देवघऱ्यांकडे वळल्या. "मार्गदर्शक म्हणून डॉ. उमाठ्यांचं नाव घाला. त्यांची संमती मी बुधवारीच घेतली आहे."

मी उमाठे सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. "हो," ते म्हणाले. "बुधवारीच सांगितलं त्यांनी. मी नाही म्हणून पाहिलं, ऐकत नाहीत."

बुधवारी भिंतीपलीकडे ते दोघं चढ्या आवाजात भांडत होते ते ऑटोक्लेव्हवरून नव्हतंच तर.

बाहेर व्हरांड्यात येताच मी बाईंचा हात धरला. माझे डोळे वाहत होते आणि मी ते लपवलेही नाहीत.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"तो नियम करणाऱ्या बैठकीला मी होते," बाई म्हणाल्या. "मंगळवारी नळी लाल झाली तेव्हाच कळलं, आता शीर्षक गेलं, म्हणजे मी गेले."

"आणि तरी मला म्हणालात, चार फ्लास्क लाव? तरी धावत होतात? बाई, तुम्ही सांगायचं होतं. दिवाळीपर्यंत आपण थांबलो असतो, जुनंच थोडं फिरवून…"

"थांबले असते?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भलतंच काही बोलले. "तो काय खातो ते न बघता मी दिवाळीपर्यंत थांबले असते? अगं, इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेलंच पुन्हा पुन्हा मोजत आले. नीट मोजलं, पण दुसऱ्यांचं. मंगळवारी सकाळी पहिल्यांदा माझ्यासमोर असा प्रश्न उभा राहिला की ज्याचं उत्तर बघायला कुठलं पुस्तकच नव्हतं. मला किती आनंद झाला होता, तुला कल्पना नाही. मी तुझ्यासाठी काही सोडलंबिडलं नाही, असलं काही मनात आणू नकोस. मला बघायचं होतं, मी बघितलं."

"पण नाव…"

"नाव तुझं येईल. डोळे पूस. देवघरे येतोय."

पुढे त्या कामावर माझं आयुष्य गेलं. तो जंतू ते आम्ल कुठल्या वाटेनं नेतो हे शोधायलाच कित्येक वर्षं लागली, आणि एका वाटेतून दुसरी फुटत गेली. पण माझ्या मते ते सगळं घडलं त्या आठवड्यातच, आणि त्याचा शेवट झाला सोमवारी.

सोमवारी सकाळी मी माझं सामान उमाठे सरांच्या खोलीत हलवलं होतं. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं होतं. सरांनी शनिवारी दुपारीच नव्यानं वेगळ्या काढलेल्या आम्लांतला एकेक भाग स्वतंत्र फ्लास्कमध्ये लावून ठेवला होता, म्हणजे नेमकं कोणतं आम्ल ते कळणार होतं. मी फडकं घेऊन टेबल पुसत होते. सर पाठमोरे काहीतरी वजन करत होते. ते फ्लास्क असलेल्या हलत्या यंत्रावर एक मोठं फडकं टाकलेलं होतं आणि मी ते उचलायला गेले तर सर न वळताच म्हणाले होते, "थांब जरा."

दारात चपलांचा आवाज झाला. घटाटे बाई उभ्या होत्या, शबनम खांद्याला, उंबरठ्याच्या बाहेर. त्या विभागात बाईंनी कोणाच्या दारात परवानगी मागितलेली मी कधी पाहिली नव्हती.

"आत येऊ का, सर?" त्यांनी विचारलं.

उमाठे सर वळले. हातातलं वजन त्यांनी घाईघाईनं खाली ठेवलं.

"या न," ते म्हणाले. "तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. अजून मी कोणाला फडकं काढू दिलं नाही."